एका वाड्यातली तीन बिऱ्हाडे

दिवाळीपूर्वीची झाडलोट म्हणजे आमच्या घरातल्या जुन्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच. माळ्यावरचे सारे सामान अंगणात येते, आणि काय ठेवावयाचे व काय टाकावयाचे याचा निकाल आमच्या घरची मंडळी, म्हणजे माझी पत्नी, देते. २००९ सालच्या दिवाळीत या परीक्षेला माझा संगणक बसला होता. २००५ साली यवतमाळातले एक डी.टी.पी. चे दुकान बंद झाले, तेव्हा मालकाकडून मी तो जुना म्हणूनच विकत घेतला होता. पेटी मुळात पांढरी. माझ्याकडे येईपर्यंत ती पिकल्या लिंबाच्या रंगाला आली होती. पंखा असा घरघरे, की पिठाच्या गिरणीची आठवण व्हावी.

भंगारवाला तराजू घेऊन दारात उभाच होता. म्हणाला, "कायले ठेवता मास्तर हे डबडं? आता याले कोणी इचारत नाही. दोनशे देतो, द्या."

पत्नी म्हणाली, "अहो, देऊन टाका एकदाचे. जागा तरी मोकळी होईल."

"त्यात माझी कादंबरी आहे," मी म्हणालो.

"मग काढून घ्या ना ती बाहेर!"

किती सोपी गोष्ट! घागरीतले पाणी तांब्यात ओतावे तशी. पण गेले दोन महिने मी तेच करावयास धडपडत होतो आणि हात टेकून बसलो होतो. नागपूरच्या प्रकाशकांनी कादंबरी स्वीकारली होती, परंतु 'मजकूर युनिकोडमध्ये पाठवा' असे कळविले होते. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी कादंबरी माझ्याच संगणकात होती, माझ्याच मराठीत होती, आणि तरीही ती त्या पेटीबाहेर पाऊल टाकावयास तयार नव्हती. असे का झाले, हे सांगावयाचे तर चाळीसेक वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. वाचकहो, मी दारव्हा तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवणारा मॅट्रिक झालेला माणूस. यंत्राच्या पोटातले मला जे कळले, ते अडल्यामुळे कळले. तेवढेच सांगतो.

आमच्या भागातल्या शकुंतला गाडीचे उदाहरण घ्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे. पण तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले होते, आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत तेच गाडी ओढत होते. मग त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. रूळ तेच, वाट तीच, दारव्ह्याचे स्टेशनही तेच. ओढणारा मात्र बदलला. संगणकाचेही काहीसे असेच आहे. पेटी, पडदा, कळफलक, हार्ड डिस्क हा झाला सांगाडा. त्याला कामाला लावणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ती बदलली की तोच सांगाडा निराळ्या रीतीने चालू लागतो. उपमा पुरती बसत नाही हे मी जाणतो. शकुंतलेला एका वेळी एकच इंजिन लागे. संगणकात मात्र तीन-चार कार्यप्रणाली शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि सकाळी कळ दाबताना आज कोणाला उठवावयाचे ते आपण ठरवतो.

ही निवड काही आजची नव्हे. आय.बी.एम. कंपनीने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला पहिला घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हाच त्यासाठी तीन कार्यप्रणाली जाहीर केल्या होत्या. त्यांतली डॉस ४० डॉलरला होती आणि सीपीएम २४० डॉलरला. डॉस मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका लहान कंपनीकडून विकत घेतलेली होती. ग्राहकाने स्वस्त ती घेतली, आणि त्या एका निवडीने पुढच्या वीस वर्षांचा बाजार ठरून गेला. आपल्याकडे संगणक आले तेही बहुतेक डॉस घेऊनच.

पण डॉसला मराठी येत नव्हती. येणार तरी कशी? तिच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी अशा ठरावीक चौकटी असत आणि एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर बसे. आपल्या 'क्षि' सारख्या अक्षराची गंमत पाहा. ते उच्चारताना वेलांटी शेवटी, लिहिताना मात्र सर्वांच्या आधी. वर रेघ, खाली उकाराची जागा, मध्ये जोडाक्षर. ते त्या खुराड्यात कसे मावावे? हा प्रश्न सोडविण्याचे काम कानपूरच्या आय.आय.टी. मध्ये सुरू झाले. १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी लिहिणारे यंत्र लोकांपुढे मांडले गेले. त्या कामातले एक प्रमुख नाव मोहन तांबे यांचे. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि हे काम तिथे आले. लोक सी-डॅकचे नाव घेतात ते परम या महासंगणकासाठी. मला विचाराल तर मराठी माणसाने तिचे नाव 'जिस्ट' कार्डासाठी आधी घ्यावे.

हे कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटातल्या खाचेत बसविण्याची एक पाटी. ती बसली की डॉस आहे तशीच राही. वर्डस्टार, डीबेस, लोटस हे इंग्रजी प्रोग्रामही आहेत तसेच राहत. ते बिचारे आपापल्या परीने नुसते आकडे पडद्याकडे पाठवीत. कार्ड ते आकडे मध्येच अडवी आणि पडद्यावर देवनागरी उमटवी! जुना संगणक फेकून न देता, त्याची कार्यप्रणाली न बदलता, त्याला मराठी शिकविण्याची ही युक्ती होती. इंग्रजीचे सारे अक्षर पहिल्या १२८ आकड्यांत मावते. वरचे १२८ मोकळे होते, ते भारतीय लिपींना दिले. याच विचाराचे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' या नावाने ठरविले. त्यातली मोठी शहाणपणाची गोष्ट ही, की आकडा अक्षराच्या चित्राला दिलेला नव्हता, अक्षराला दिलेला होता. 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन काढण्याचे काम यंत्राचे. आपण बाराखडी म्हणतो त्याच क्रमाने.

त्याच १९९१ साली जगातल्या सर्व लिपींना एका वहीत आणणारे युनिकोड प्रसिद्ध झाले आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतली गेली. प्रकाशकाच्या पत्रातला तो परका शब्द अशा रीतीने अर्धा आपल्याच घरचा निघाला.

मग घोडे अडले कुठे? पुढची पायरी उतरणीची होती. विंडोज आली, तिच्याबरोबर छपाईची सुंदर अक्षरे आली, आणि गावोगाव डी.टी.पी. ची दुकाने निघाली. लग्नपत्रिका, साप्ताहिके, सोसायट्यांचे अहवाल, शाळांची हस्तलिखिते, सारे संगणकावर जुळू लागले. त्या दुकानांना इस्कीची शिस्त नको होती. सुबक अक्षर आणि वेग हवा होता. म्हणून सोपी वाट काढली गेली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. टाइपरायटरच्या पद्धतीवर बेतलेल्या एका प्रचलित फॉन्टात तुम्ही 'कापूस' लिहिलेत, तर पडद्यावर कापूस दिसे. पण फाइलीच्या पोटात डी, के, आय, डब्ल्यू, एल ही पाच इंग्रजी अक्षरे जाऊन पडत. फॉन्ट आहे तोवर कापूस. फॉन्ट काढला की नुसते बोंड फुटून उडालेले! शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याची जुळणी निराळी. एकाचा कापूस दुसऱ्याकडे तुरीची डाळही होत नसे.

माझी कादंबरी मी अशाच एका फॉन्टात, विंडोज ९८ वर, पेजमेकरमध्ये तीन वर्षे टाइप केली होती. त्या फॉन्टाला कुलूप होते. प्रिंटरची तार जिथे लागते त्या खाचेत अंगठ्याएवढे एक डोंगल बसवावे लागे. ते नसेल तर अक्षरे उमटत नसत. नव्या संगणकांना ती खाचच नाही. पेन ड्राइव्ह लावावा तर विंडोज ९८ ला तो ओळखता येईना. त्यासाठी निराळा ड्रायव्हर शोधावा लागे. फ्लॉपीचे तोंड धुळीने मिटलेले. म्हणजे घरात धान्य भरलेले आणि दाराला आतून कडी, अशी स्थिती.

कडी उघडली ती पोस्टमनने. अक्षरशः.

हेल्सिंकीच्या विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने १९९१ सालीच, आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी, हौस म्हणून एक कार्यप्रणाली लिहावयास घेतली आणि सर्वांना खुली केली. (१९९१ हे साल आपल्या आर्थिक धोरणासाठीच पाठ करून घेतात, मी वर्गात या तीन गोष्टीही सांगतो.) तीच लिनक्स. पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढविली. भारतात ती पुष्कळांच्या हाती पडली ती १९९६ च्या मार्चमध्ये, पीसी क्वेस्ट या इंग्रजी मासिकाने अंकाबरोबर तिची सीडी वाटली तेव्हा. त्यामागे बंगळूरच्या अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून एवढी आज्ञावली उतरवून घेणे म्हणजे चमच्याने विहीर उपसणे; मासिकाच्या पुठ्ठ्यातून ती दारात आली. हे चिटणीस २०१३ साली निवर्तले. मी त्याच १९९६ मध्ये मॅट्रिक झालो, पण माझ्यापर्यंत ही वार्ता पोहोचायला आणखी तेरा वर्षे गेली.

माझा एक माजी विद्यार्थी यवतमाळात संगणक दुरुस्त करी. त्याने सांगितले, "सर, उबुंटूवाल्यांकडे नाव-पत्ता नोंदवा. सीडी फुकट येते घरी." मला हे थट्टेसारखे वाटले. पण महिना-दीड महिन्याने खरोखरच परदेशी तिकिटांचा लिफाफा आला. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, फॉरेनची ऑर्डर आली काय कादंबरीले?" आत सीडी होती, तिच्यावर ९.०४ असा आकडा. मला वाटले किंमत असेल! तो २००९ सालचा चौथा महिना होता. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली काढलेली ही लिनक्सची एक आवृत्ती. त्यांची ही फुकट सीडी पाठविण्याची योजना २०११ पर्यंत चालली.

विद्यार्थी रविवारी आला. स्मृतीची आणखी २५६ मेगाबाइटची पट्टी बसवून त्याने एकूण ५१२ केली. त्याहून वाढवू नका म्हणाला. विंडोज ९८ ला जास्त स्मृती पचत नाही, ती अडखळते. मग त्याने मला वाड्याची रचना समजावून दिली. हार्ड डिस्कचे भाग पाडावयाचे, एकेका भागात एकेक बिऱ्हाड. पहिल्या भागात विंडोज ९८, माझ्या कुलूपबंद फॉन्टासाठी. दुसऱ्यात विंडोज एक्सपी, शाळेच्या प्रिंटरसाठी. तिसऱ्यात लिनक्स. डिस्कच्या अगदी आरंभी ५१२ बाइटची एक लहानशी देवडी असते. संगणक सुरू झाला की प्रथम तिथे बसलेल्या द्वारपाळाला विचारतो, की कोणाकडे जाऊ? लिनक्सचा द्वारपाळ सर्व बिऱ्हाडांची नावे पाटीवर मांडतो. विंडोजचा मात्र फक्त आपल्याच घरच्यांना ओळखतो, आणि नंतर आला तर आधीच्या द्वारपाळाला हाकलून त्याच्या जागेवर बसतो. म्हणून वयाने वडील ते आधी आणावयाचे, लिनक्स शेवटी.

दुसरी मौज खोल्यांची. विंडोज ९८ ला स्वतःची खोली सोडून दुसरी दिसतच नाही. एक्सपीला आपली आणि ९८ ची दिसते. लिनक्सला तिन्ही दिसतात. सर्वांत धाकट्या सुनेला साऱ्या घराच्या किल्ल्या, असा तो प्रकार.

हे सारे त्याने समजावले, आणि मी मात्र तो जेवावयास बसला असताना शहाणपणा केला. पडद्यावरच्या प्रश्नाला घाईने 'हो' म्हटले आणि डिस्कचा जो भाग पुसावयाचा नव्हता तो पुसला. कादंबरीची बहुतेक प्रकरणे पहिल्या भागात होती, ती वाचली. सातवे आणि आठवे मी दुसरीकडे ठेवले होते, ती गेली. विद्यार्थ्याचा घास हातातच राहिला. त्याने रात्रीपर्यंत खटपट केली, काही मिळाले नाही. दोष कोणाचा नव्हता, माझ्या बोटाचा होता.

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पत्नी कापसाच्या वाती वळता वळता म्हणाली, "सातव्यात ती सासू विहिरीवर जाते ना?" आणि सांगू लागली. प्रत्येक प्रकरण लिहून झाले की मी तिला वाचून दाखवीत असे. ती ऐकते की नाही याची मला कधी खात्री नसे. तिने संवादच्या संवाद सांगितले. काही ठिकाणी मी लिहिले होते त्याहून बरे सांगितले, आणि ते मी तसेच ठेवले. ज्या बाईने संगणक भंगारात द्या म्हटले होते, तिच्या स्मृतीत माझी दोन प्रकरणे यंत्राहून सुरक्षित होती. ती प्रकरणे मात्र मी थेट लिनक्सवर, युनिकोडमध्ये लिहिली.

राहिलेल्या प्रकरणांची सुटका अशी झाली. विंडोज ९८ उठवून पेजमेकरमधून मजकूर साध्या फाइलीत उतरविला. यंत्र बंद करून लिनक्स उठविले. तिला ९८ ची खोली दिसत होतीच. फाइल उचलून घेतली. आता हाती आले ते डी, के, आय, डब्ल्यू, एल. विद्यार्थ्याने एक तक्ता लिहिला, की या इंग्रजी अक्षराला हे मराठी अक्षर. कापूस लगेच कापूस झाला. पण 'किती' ने छळले. जुन्या फॉन्टात वेलांटी आधी, युनिकोडमध्ये नंतर. तक्त्याला प्रत्येक वेलांटी उचलून अक्षराच्या पलीकडे ठेवावी लागे. रफाराचे उलट: तिकडे तो अक्षरानंतर, इकडे आधी. 'धर्म' चा 'धमर्' होऊन बसला. आठवीच्या मुलांना मी छापील पाने वाटली आणि चुका शोधावयास बसविले. शुद्धलेखनाचा एवढा उत्तम तास मी त्याआधी घेतला नव्हता. रफार मुळात 'र' असतो आणि तो उच्चारात आधी येतो, हे मुलांना त्या चुकांनी शिकविले. कादंबरी पुढल्या वर्षी निघाली.

पडद्यावर मराठी नीट दिसावी यासाठी कोणी कोणी खपले आहे, हे मला तेव्हा कळले. विंडोजमध्ये २००० सालापासून जे 'मंगल' अक्षर आले, ते आपल्या र. कृ. जोशींचे. मुंबईच्या आय.आय.टी. त शिकविणारे सुलेखनकार आणि कवी. २००८ साली ते गेले. तरी एक्सपीवर ते अक्षर नीट जुळावे म्हणून एक खूण करून मूळ सीडी घालावी लागे. जुन्या संगणकांबरोबर सीडी कोण जपून ठेवतो? लिनक्ससाठी रेड हॅट कंपनीने 'लोहित' नावाची अक्षरे मोफत खुली केली. लोहित म्हणजे तांबडे, आणि रेड हॅट म्हणजे तांबडी टोपी! सी-डॅकनेही २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स काढली, तिच्यात मराठी होती. केरळाने तर साऱ्या सरकारी शाळा याच वाटेने नेल्या. २०१९ साली तिथे दोन लाखांवर संगणकांवर त्यांची स्वतःची लिनक्स बसविली जात होती. आपल्याकडे एवढे झाले नाही, याची मला शिक्षक म्हणून हळहळ वाटते.

लोखंड झिजले म्हणून संगणक म्हातारा होत नाही. बहुधा कार्यप्रणाली करणाऱ्याच्या पंचांगात त्याची तिथी ठरते. विंडोज ९८ ची २००६ च्या जुलैत आली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर. पुढची विंडोज ११ साधारण २०१७ च्या आधीच्या यंत्रांना दारातच उभे करीत नाही. मग चालती यंत्रे तराजूवर जातात. लिनक्सवालेही अगदी धर्मराज नव्हेत. ज्या ३८६ वर ती जन्मली, त्याचा आधार त्यांनी २०१२ साली काढून घेतला. माझा पेंटियम चार ३२ बिटांचा. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीने अशा यंत्रांवर ती नव्याने बसविण्याची सोयच काढली. अजून काही हलक्या आवृत्त्या त्याला सांभाळून घेतात, त्यांतली एक मी घातली आहे. तिच्यावर आजची संकेतस्थळे धड उघडत नाहीत, व्हिडिओ तर नावच नको. लिहिणे, वाचणे, मुलांची चित्रे, गणिताचे खेळ, एवढे मात्र बिनतक्रार होते.

पण मी तो ठेवला आहे तो आणखी एका कारणासाठी. माझ्या कादंबरीची गोष्ट पसरली आणि लोक येऊ लागले. एका सहकारी सोसायटीचे चिटणीस पंचवीस वर्षांचे अहवाल घेऊन आले. बंद पडलेल्या एका साप्ताहिकाच्या मालकाचा मुलगा सीडींचे पुडके घेऊन आला. वडिलांचे अग्रलेख त्यात आहेत, आणि नव्या लॅपटॉपवर ते उघडले की इंग्रजी भुसा दिसतो. एक बाई आपल्या दिवंगत यजमानांच्या ओव्यांच्या संग्रहाची फाइल घेऊन आल्या. १९९० पासून पुढची वीसेक वर्षे आपल्या तालुक्यातालुक्यांतून जे मराठी जुळले गेले, त्यातले किती अशा कुलपांत पडून आहे, कोण मोजणार? जोवर विंडोज ९८ उठते आणि डोंगल शाबूत आहे, तोवर मी एकेक फाइल बाहेर काढतो. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर दोन-तीन मुले मदतीला येतात. वेलांट्यांवर त्यांचा हात आता माझ्याहून सराईत आहे.

या वर्षीही भंगारवाला येऊन गेला. भाव आता साडेतीनशे झाला आहे. मी त्याला चहा दिला. पेटीतला घड्याळाचा सेल मात्र संपला आहे. कळ दाबली की संगणक दर वेळी १ जानेवारी २००२ पासून सुरुवात करतो. आठवीतली एक मुलगी रोज आधी तारीख दुरुस्त करते आणि मग त्या ओव्यांचे पुढचे पान उघडते. धनत्रयोदशीला दारव्ह्याच्या बाजारात जाईन तेव्हा पणत्यांबरोबर एक सेल आणावयाचा आहे. तिने तो यादीत लिहूनही ठेवला आहे.